डाख देणारे हात

ठाण्याहून बेलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्याने निघाले, की ऐरोली आणि रबाळे मागे पडतात व घणसोलीच्या अलीकडे तळवली हे गाव लागते. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस पारसिकचे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत पूर्वी भाताची खाचरे होती. येथील आगरी व कोळी कुटुंबे भात पिकवीत आणि खाडीत जाळी टाकीत. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. पुढे रस्त्याच्या पूर्वेकडील जमिनी कारखान्यांसाठी घेण्यात आल्या. आरंभी रसायनांचे मोठे कारखाने आले. त्यांची धुराडी दुरून दिसत. नंतर महापे येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी निराळा विभाग झाला. या कारखान्यांना धुराडे नसते, त्यामुळे आत काय चालते ते बाहेरून कळत नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तळवलीस राहते व अशाच एका कारखान्यात तंत्रज्ञ आहे. तिने मला तिचे काम दाखविले, ते तुम्हांला सांगतो.

दारातच तिने माझे जोडे काढावयास लावले, अंगात निराळा डगला घालावयास दिला आणि मनगटाला एक पट्टा बांधला. पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेली होती. हे सोवळे कशासाठी? कोरड्या हवेत केसांवरून फणी फिरवून ती कागदाच्या कपट्यांजवळ नेली, तर कपटे तिला चिकटतात, हे तुम्ही पाहिले असेल. तशीच वीज चालताना आपल्या अंगावरही साचते. ती सुमारे ३,००० व्होल्टपर्यंत चढल्याखेरीज आपल्याला चटका जाणवत नाही. परंतु काही नाजूक घटक १०० व्होल्टनेही बिघडतात. पट्टा ही वीज हळूहळू जमिनीत सोडतो. त्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोध मुद्दाम बसविलेला असतो. चुकून हात विजेच्या जिवंत तारेला लागला, तरी त्या रोधामुळे पट्ट्यातून अगदी क्षीण प्रवाह वाहतो. एकच साधन नाजूक घटकाला माणसापासून आणि माणसाला विजेपासून जपते, हे मला फार आवडले.

आत लांब मेजांवर हिरव्या पट्ट्या मांडलेल्या होत्या. कारागीर त्यांना ‘पीसीबी’ म्हणतात. पट्टीवर तांब्याच्या पातळ रेषा असतात. जुन्या रेडिओतील तारांच्या गुंत्याचे काम आता या रेषा करतात. कथील, चांदी व तांबे यांच्या मिश्रधातूचा लगदा पट्टीवर ठरावीक ठिकाणी लावला जातो. मग एक यंत्र मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेले घटक उचलून त्या लगद्यावर ठेवते. नंतर पट्टी भट्टीतून जाते. सुमारे २१७ अंश सेल्सिअसला लगदा वितळू लागतो आणि थंड झाला की घटक जागच्या जागी पक्के होतात. पूर्वी कथिलात शिसे मिसळीत. ते मिश्रण १८३ अंशांनाच वितळे, म्हणून काम सोपे होते. परंतु शिसे विषारी आहे. २००६ पासून युरोपात आणि २०१४ पासून आपल्या देशातही अशा वस्तूंतील शिशावर कडक मर्यादा आली.

एवढे सारे यंत्र करते, तर माणूस कशाला? मीही हेच विचारले. ती हसली आणि तिने मला आपल्या जागेवर नेले. रोहित्रासारखे जड भाग व बाहेरच्या तारांची जोडणी अजून हातानेच डाख देऊन बसवावी लागते. तांबट घागरीला देतो तोच हा डाख; येथे मात्र तो टाचणीच्या डोक्याएवढा. नवशिका मनुष्य तापल्या हत्याराच्या टोकावर डाखाची तार वितळवतो आणि थेंब सांध्यावर सोडतो. सांधा झाल्यासारखा दिसतो, पण धातू धातूला धरीत नाही. खरी रीत निराळी आहे. हत्याराचे टोक पट्टीवरील तांब्याला व घटकाच्या पायाला एकाच वेळी टेकवायचे, दोन्ही तापू द्यायचे आणि मग तार सांध्याला लावायची. डाख आपोआप वाहून पायाभोवती चढतो. हे सारे दोन-तीन सेकंदांत व्हावे लागते. अधिक वेळ लागला तर तांबे पट्टीवरून सुटते.

कच्च्या सांध्याची ओळख मला लहानपणीच झाली होती. आमच्या घरचा रेडिओ मध्येच मुका होई आणि थापट मारली की पुन्हा बोलू लागे. आम्हां मुलांना त्याची मोठी गंमत वाटे. परंतु माझी विद्यार्थिनी ज्या पट्ट्या जोडीत होती, त्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके दाखविणाऱ्या यंत्रात बसणार होत्या. त्या यंत्राला थापट मारून कसे चालेल?

तिने एक प्रसंग सांगितला. चाळीस पट्ट्या विजेच्या चाचणीत उतरल्या होत्या आणि गाडी दाराशी उभी होती. तिला एका पट्टीवरील सांधा निस्तेज वाटला. भिंगाखाली पाहिले, तो पायाभोवती केसासारखी गोल भेग. तिने सर्व पट्ट्या थांबविल्या. पर्यवेक्षक रागावले, चाचणीत उतरलेला माल अडविणारी तू कोण, असे त्यांनी विचारले. तिने त्यांच्या हाती भिंग दिले.

हे काम शिकण्यासाठी दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्याप्रमाणे पुढे कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकता येते. काम सुखाचे आहे असे मात्र समजू नका. मान अवघडते, डोळे शिणतात, डाखातील राळेचा धूर छातीला बाधतो. म्हणून प्रत्येक मेजावर धूर ओढून घेणारी नळी असते. शिवाय अनेक कारागीर कंत्राटावर असतात व पुढच्या वर्षी काम राहील की नाही, हे त्यांना ठाऊक नसते. इतक्या कसबाच्या माणसांना असे टांगणीला ठेवणे मला योग्य वाटत नाही.

‘त्या पट्ट्यांचे पुढे काय झाले?’ मी निघताना विचारले. चाळीसपैकी सहा पट्ट्यांत भेग सापडली. तांब्याच्या विणलेल्या फितीने तिने जुना डाख शोषून घेतला, नवा दिला आणि सर्व पट्ट्या पुन्हा चाचणीस लावल्या. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली.