पत्र्याचा डबा, लाल जर्सी आणि १९९८ची फायनल

गेल्या पोस्टवर दोन-तीन जणांनी एकच प्रश्न विचारला: 'घरात जपलेल्या वस्तूंना पुरावा म्हणायचं की नुसती आठवण?' उत्तर एका डब्यावरून देतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, नालासोपारा पूर्वेतल्या एका घरातला. काका कांदिवलीच्या प्लांटमधून निवृत्त झालेत आणि महिंद्राच्या फुटबॉल टीमचे जुने चाहते आहेत. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जातेय, दिवाळीच्या आत माळा रिकामा करायचा आहे, म्हणून सुनेने मला बोलावलं. 'बघून घे, नाहीतर भंगारवाला नेईल.'

आधी क्लबबद्दल थोडं, कारण आज विशीत असलेल्या अनेकांना तो माहीतच नाही. १९६२ साली महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीची टीम म्हणून सुरुवात. मुंबईत फुटबॉल हा मोठ्या प्रमाणात कंपन्यांचा खेळ होता: कॅलटेक्स, टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे. खेळाडूला नोकरी मिळायची, आणि संध्याकाळी मैदान. महिंद्राने १९९८, २००१ आणि २००८ साली ड्युरँड कप जिंकला, २००३ आणि २००५ साली फेडरेशन कप, आणि २००५-०६ला डेरिक परेरा यांच्या हाताखाली नॅशनल लीग. २००९-१०च्या हंगामानंतर टीम बंद झाली. म्हणजे ज्याच्या दारात जाऊन 'जुने फोटो आहेत का?' असं विचारावं ते क्लबचं ऑफिसच आता नाही. जे काही उरलंय ते अशा डब्यांत आणि माळ्यांवर.

डब्यात काय निघालं? कूपरेजची तीन-चार तिकिटं, एक छोटं त्रिकोणी पताकं, मराठी पेपरची पिवळी पडलेली कात्रणं, प्लांटच्या कँटीनची कुपनं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली लाल जर्सी. काकांनी जर्सी मांडीवर घेतली आणि म्हणाले, 'ही अठ्ठ्याण्णवच्या फायनलची. ईस्ट बंगालला हरवलं त्या दिवशीची. एका प्लेअरने स्वतः दिली मला.'

स्कोअर तपासायला सोपा होता. १९९८ची ड्युरँड फायनल, महिंद्रा २, ईस्ट बंगाल १. काकांचं बरोबर. अडचण जर्सीची. छातीवर नाव छापलंय 'महिंद्रा युनायटेड'. १९९८ला ड्युरँड जिंकणाऱ्या टीमचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा होतं. युनायटेड हे नाव नंतरचं. २००१च्या फायनलमध्ये चर्चिल ब्रदर्सला ५-० हरवताना ते होतं.

इथे नवखा संशोधक दोनपैकी एक चूक करतो. एक तर काकांचं सांगणं जसंच्या तसं टिपून घेतो आणि खाली 'जर्सी, १९९८' असं कॅप्शन देतो. नाहीतर 'चुकीची माहिती' म्हणून अख्खी मुलाखत बाजूला ठेवतो. दुसरी चूक जास्त वाईट आहे असं माझं मत, कारण ती हुशारीसारखी दिसते.

इटलीचे मौखिक इतिहासकार अलेस्सान्द्रो पोर्तेल्ली यांचं काम इथे वाचावंच लागतं. तेर्नी गावातला लुइजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ साली, नेटोविरोधी निदर्शनांच्या वेळी पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातले बरेच लोक त्याचा मृत्यू १९५३ साली झाला असं सांगत होते, कारखान्यातल्या मोठ्या कामगार कपातीविरुद्धच्या आंदोलनात. पोर्तेल्लींनी विचारलं, तारीख सरकली कशासाठी? एका तरुणाचं मरण त्या गावाला अशा ठिकाणी ठेवायचं होतं जिथे त्याला अर्थ येतो. चुकलेली तारीख हाच त्यांच्यासाठी पुरावा झाला.

आता काकांकडे परत या. ५-० ही आकड्याने मोठी जीत. पण १९९८चा ड्युरँड हा क्लबचा पहिला, आणि समोर ईस्ट बंगाल. मुंबईच्या फुटबॉलप्रेमी माणसाला कलकत्त्याच्या टीमला हरवण्याचं काय वाटतं हे समजून घ्यायचं तर आणखी मागे जावं लागतं. रोव्हर्स कप हा मुंबईचा, १८९१ पासूनचा. पण १९२३ला फायनल गाठणारी पहिली भारतीय टीम मोहन बागान. १९५० ते १९५४ सलग पाच वेळा कप हैदराबाद पोलिसांकडे. मुंबईच्या कॅलटेक्सने तो जिंकला तेव्हा १९५८ उजाडलं होतं. आपल्याच मैदानावर पाहुण्यांना कप नेताना बघण्याची सवय. त्यामुळे काकांच्या मनात जर्सी ईस्ट बंगालच्या दिवसाकडे सरकली, असा माझा अंदाज. अंदाजच आहे, थिसिसमध्येही तसंच लिहिणार.

बरं, तिकिटांचं काय? दोन्ही ड्युरँड फायनल दिल्लीत झाल्या. कूपरेजची तिकिटं म्हणजे दुसऱ्याच मॅचेस. म्हणजे डबा एका दिवसाचा नाही.

आणि हे कळायला नालासोपाऱ्याहून लांब जायची गरज नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला तेव्हा दगडी पेटी सापडली. आत एकात एक करंडे, भिक्षापात्राचे तुकडे, सोन्याची फुलं, यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं, आणि आठ बुद्धमूर्ती. नाणं दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. ब्राँझच्या मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या मानल्या जातात. म्हणजे मधे कधीतरी कुणीतरी स्तूप उघडला आणि आपल्या काळची श्रद्धा आत ठेवून परत बंद केला. फक्त नाण्यावर विसंबणारा माणूस सहाएकशे वर्षांनी चुकेल. नियम साधा आहे: पेटी शेवटची कधी बंद झाली हे आतली सगळ्यात नवी वस्तू सांगते, सगळ्यात जुनी नाही. काकांच्या डब्यातली सगळ्यात नवी वस्तू म्हणजे टीम बंद होत असल्याची बातमी. ते कात्रण सगळ्यात वर होतं. त्यानंतर डब्यात काही पडलं नाही.

कामाच्या दोन गोष्टी सांगून टाकतो. तिकिटावर वार आणि तारीख असते पण कधीकधी वर्ष नसतं. तीच तारीख त्याच वारी ५, ६ किंवा ११ वर्षांनी येते, त्यामुळे पर्याय दोन-तीनच उरतात. मग तिकिटाची किंमत, छपाई आणि पेपरच्या जुन्या फाइली बघायच्या. निकालांसाठी आरएसएसएसएफची संकेतस्थळावरची यादी चांगली सुरुवात आहे, पण सुरुवातच. दुसरं, जर्सी धुऊ नका, कुणी आपुलकीने म्हटलं तरी! आतलं लेबल, शिलाई, डाग सगळ्यांचे फोटो आधी. या जर्सीच्या कोपरावर वेगळ्या लाल रंगाचं ठिगळ आहे. काकांचा मुलगा ती घालून गल्लीत खेळायचा, हे त्या ठिगळावरून विचारलं तेव्हा कळलं. इगोर कोपिटॉफ यांनी १९८६च्या लेखात वस्तूचं चरित्र लिहा असं सुचवलं होतं (हा लेख मुंबईत जन्मलेल्या अर्जुन अप्पादुराईंनी संपादित केलेल्या पुस्तकात आहे, शोधा). आधी टीमचा गणवेश, मग भेट, मग पोराचा शर्ट, मग पिशवीतली ठेव. फायनल हे त्यातलं एकच प्रकरण.

माझ्या नोंदवहीत या जर्सीच्या दोन ओळी आहेत. 'वस्तूवरून: नाव बदलल्यानंतरची, १९९८ची नाही.' 'काकांच्या सांगण्यावरून: १९९८ ड्युरँड फायनल.' एकही खोडलेली नाही.

उरला प्रश्न काकांना सांगायचं का. मी आठवडाभर टाळलं. म्हातारपणी माणसाकडून त्याची फायनल काढून घेणारे आपण कोण, असं वाटत होतं. पण त्यांचं बोलणं मी छापणार आणि त्याखाली माझी शंका त्यांना न सांगता लिहिणार, हेही बरोबर नव्हतं. शेवटी नावाचा मुद्दा दाखवला. त्यांनी चष्मा लावून छातीवरची अक्षरं दोनदा वाचली.

'हो की रे,' म्हणाले. मग सुनेकडे वळून, 'अगं, मग अठ्ठ्याण्णवचा कुठे गेला? माळ्यावर अजून एक गाठोडं आहे ना?'

रविवारी शिडी घेऊन जातोय.