मुहूर्ताआधी एजंट पारखा

पाडव्याला किंवा दसऱ्याला घर बुक करायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पण खरेदीची वेळ पंचांगापेक्षा कागदांवरून ठरावी, आणि ते कागद आपणहून समोर ठेवणारा एजंट आधी शोधावा, असे मला ठामपणे वाटते. दलाली बहुधा किमतीच्या टक्क्यांवर असते. म्हणून घाई त्याच्या सोयीची, सबुरी आपल्या. 2016 च्या रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी सक्तीची आहे. महारेराच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक तपासता येतो. याच कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आजच 20 टक्के भरा, उद्या भाव वाढेल’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा.

थांबल्याने संधी हुकते, असे कोणी म्हणेल. सप्टेंबर 2020 मध्ये राज्याने मुद्रांक शुल्क 3 टक्क्यांनी उतरवले, तेव्हा 80 लाखांच्या घरामागे 2 लाख 40 हजार वाचले, हे खरेच. पण ती सवलत सरकारने जाहीर केलेली, मुदतीसह होती. कुणाच्या अंदाजावर उभी नव्हती. ज्यांचे कर्ज मंजूर आणि कागद तपासून तयार होते, त्यांनाच ती निवांतपणे साधता आली.