हिरव्या उजेडात मूत्रवाहिनीचा शोध

कर्करोगामुळे मूत्राशय काढावे लागले, की सर्जन लहान आतड्याच्या तुकड्यातून लघवीला नवी वाट करून देतात. अमेरिकी सर्जन युजीन ब्रिकर यांनी 1950 मध्ये रूढ केलेल्या पद्धतीत या तुकड्याचे तोंड पोटावर उघडते आणि लघवी बाहेरच्या पिशवीत जमते. काहींना आतड्याचेच नवे मूत्राशय शिवून देतात. दोन्हींत मूत्रपिंडातून लघवी आणणाऱ्या मूत्रवाहिन्या आतड्याला जोडाव्या लागतात आणि काही रुग्णांत हाच सांधा पुढे आवळत जातो.

बहुतेकदा कारण असते रक्तपुरवठ्याचे. मूत्रवाहिनी जेमतेम 3-4 मिलिमीटर जाडीची. ती सोडवताना तिच्या अंगावरच्या बारीक रक्तवाहिन्या दुखावल्या, तर टोकाला रक्त पुरत नाही आणि तिथे कठीण वण तयार होतो. डावीला धोका जास्त; तिला मोठ्या आतड्याच्या मागून उजवीकडे आणावे लागते.

सगळ्यात वाईट म्हणजे हे आवळणे अनेकदा दुखतच नाही. एका बाजूचे मूत्रपिंड तुंबून फुगत असते आणि दुसरे भार उचलत असल्याने मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिनही ठीक दिसू शकते.

आत फुगा फुगवून वाट रुंद करता येते, पण ती पुन्हा आवळण्याची शक्यता मोठी. टिकाऊ उपाय म्हणजे वणाचा भाग कापून नव्याने जोडणी. पूर्वी त्यासाठी पोट पुन्हा उघडावे लागे. आता अनेक ठिकाणी हेच काम छोट्या छिद्रांतून, रोबोच्या हातांनी होते. सर्जनचा हात थरथरला तरी अवजार थरथरत नाही, चित्र मोठे आणि त्रिमितीय दिसते. तरी टाके घालण्याआधीचा प्रश्न अवघड असतो: चिकटलेल्या आतड्यांत मूत्रवाहिनी कुठे आहे, आणि कापायचे कुठवर? इथे इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य कामी येते. पाठीतून मूत्रपिंडात घातलेल्या नळीवाटे ते सोडले, की अवरक्त कॅमेऱ्यात वणाखाली दडलेली मूत्रवाहिनी हिरवी उजळते आणि अडथळ्यापाशी उजेड थांबतो. तेच शिरेतून दिले, तर रक्त पोचणारा भाग उजळतो, उपाशी भाग काळा राहतो. काळे कापून हिरव्याला टाके घालायचे, आत काही आठवडे स्टेंट, म्हणजे बारीक नळी, ठेवायचा.

रोबो स्वतः काहीच ठरवत नाही. चिकटलेले आतडे सोडवण्याचे कसब सर्जनचेच, आणि काहींना आजही पोट उघडूनच शस्त्रक्रिया करावी लागते. उशिरा आलेल्या रुग्णाचे निकामी मूत्रपिंड मात्र कुठलेही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून मूत्राशय काढलेल्या प्रत्येकाने, काही त्रास नसला तरी, डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी चुकवू नये.