डोलकाठी उभी ठेवणाऱ्या तारा

डिसेंबर 1964 मध्ये मुंबईत सागवानी लाकडाची 32 फुटांची एक होडी पाण्यात उतरली. नाव 'सुहैली'. करवत, वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता एवढ्यावर मुंबईच्या सुतारांनी ती घडवली होती. व्यापारी जहाजांवरचा ब्रिटिश अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 14 जून 1968 रोजी इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून तिच्यावर एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून 22 एप्रिल 1969 रोजी तिथेच परतला. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. हा प्रवास 'गोल्डन ग्लोब' स्पर्धेतला होता; तिच्यात उतरलेल्या नऊ जणांपैकी शेवटपर्यंत पोचलेलाही तोच एकटा. पुढे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात 'सुहैली' ठेवली, तर तिथल्या कोरड्या हवेने फळ्या आकसू लागल्या आणि तिला बाहेर काढावे लागले. 2018 साली त्या प्रवासाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा ती शिडे उभारून फाल्मथला हजर होती.

सागवान इतके टिकते. पण ज्या तारांच्या जोरावर डोलकाठी उभी असते, त्यांचे आयुष्य त्यामानाने फारच थोडे. खारट पाण्यात वापरल्या जाणाऱ्या होडीच्या स्टीलच्या तारा साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलाव्यात, असा जाणकारांचा दंडक आहे. म्हणजे जुनी होडी सांभाळणाऱ्याला हे काम आयुष्यात एकदा तरी करावेच लागते.

वऱ्हाडात समुद्र नाही, पण तत्त्व आपल्याला रोज दिसते. अकोला-अमरावती रस्त्याच्या कडेला काळ्या मातीत रोवलेला वळणावरचा विजेचा खांब पाहावा. ओढ एका बाजूला असते, म्हणून दुसऱ्या बाजूने जमिनीत ताणाची तार गाडलेली असते. होडीच्या डोलकाठीला असे तणावे चारही बाजूंनी लागतात: एक नाळेकडे, एक मागे आणि दोन्ही कडांना जोड्या. फरक इतकाच की इथे खालची जमीनच अखंड हलत असते.

आपल्या भागाचा आणि या तणाव्यांचा संबंध तसा जुना आहे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणून विकला जाई. रेल्वे अकोला, बडनेरा करत 1867 साली नागपूरला पोचली आणि सुएझ कालवा 1869 साली खुला झाला. त्याआधी वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून घाट उतरे आणि मुंबईहून शिडाच्या जहाजांतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून विलायतेस जाई. त्या जहाजांचे तणावे पूर्वी डांबर पाजलेल्या हेंपच्या दोरांचे असत. 1834 साली जर्मनीतल्या हार्झच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्टने लोखंडी तारांचा पीळदार दोर वापरात आणला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जहाजांवरही तारच आली.

डोलकाठी गेली की काय होते, हे 2018 साली जगाने पाहिले. 'सुहैली'च्याच आराखड्यावर गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डने 'थुरिया' बांधली होती. ती घेऊन नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडी उलटली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. 24 तारखेला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. त्या शर्यतीत निघालेल्या 18 पैकी पाच होड्यांनी डोलकाठ्या गमावल्या. जिंकलेला 73 वर्षांचा फ्रेंच खलाशी जाँ-लुक व्हान डेन हेड हाही थोडक्यात वाचला. खालचे तणावे डोलकाठीला जोडणारा बोल्ट सुमारे पाच सेंटीमीटर खाली सरकला, तणावे ढिले पडले. हा माणूस पुन्हा पुन्हा डोलकाठीवर चढला, जोड बांधून काढला आणि 29 जानेवारी 2019 रोजी पोचला. त्या वयात, त्या समुद्रात, एकट्याने! नौकानयनाच्या इतिहासात मला याहून मोठी दुरुस्ती माहीत नाही.

आता प्रश्न असा की गंज न लागणारे स्टील मुळात मरते कसे? तणाव्यांच्या 316 जातीच्या स्टीलमध्ये 16 ते 18 टक्के क्रोमियम आणि 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असते. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर एक पातळ कवच धरते, तेच त्याचे रक्षण. तार खाली ज्या नळकांड्यात दाबून बसवलेली असते, तिथे मात्र खारे पाणी ओघळत येऊन साचते. आत ऑक्सिजन पोचत नाही, कवच पुन्हा धरत नाही, क्षार पोखरत राहतात. त्यात भर धातूच्या थकव्याची: प्रत्येक लाटेला वाऱ्याकडचा तणावा कसतो आणि आडोशाचा ढिला पडतो, असे लाखो वेळा. वरून तार लखलखीत दिसते, आणि नेमका इथेच घात होतो. म्हणूनच तणावे दिसण्यावरून न बदलता वयावरून बदलावेत. जुनी होडी विकत घेताना तारा कोणत्या साली बसवल्या हे कागदावर मिळाले नाही, तर त्या जुन्याच धरून चालावे.

तपासणी तशी सोपी आहे. कापसाचा बोळा तारेवरून फिरवला की तुटलेल्या धाग्याशी तंतू अडकतात. एकही धागा तुटलेला सापडला तर ती तार बाद. नळकांड्यावरची केसाएवढी चीर भिंगाने पाहावी लागते. तणावे ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या डेकखाली झाकलेल्या असतात. त्या उघडायचा कंटाळा करून नुसत्या तारा बदलणे म्हणजे अर्धेच काम.

आता तार बदलण्याकडे वळू. तणाव्याच्या तारेत 19 धागे असतात: मधे एक, भोवती सहा, बाहेर बारा. सहा मिलिमीटर जाडीची अशी तार तुटायला जवळपास तीन टनांची ओढ लागते. स्टालोकसारखी स्क्रूची टोके घरच्या घरी बसवता येतात. बाहेरचे बारा धागे उकलायचे, आतल्या सात धाग्यांवर शंकू सरकवायचा, मग बारा धागे एकमेकांवर न चढवता त्याभोवती बसवून टोपण आवळायचे. लांबी मोजायची ती एका पिनेच्या मध्यापासून दुसऱ्या पिनेच्या मध्यापर्यंत. शक्यतो क्रेनने डोलकाठी उतरवूनच काम करावे. ती उभी ठेवायची असेल, तर शिडाच्या दोरांचा आधार देऊन एका वेळी एकच तार सोडावी.

शेवटी ताण द्यायचा. त्याला महागडे यंत्र लागत नाही. तार नुसती हाताने कसली असताना तिच्यावर बरोबर दोन मीटरची खूण करायची आणि टर्नबकल, म्हणजे तार कसायचा पेच, पिळत जायचे. दोन मीटरला एक मिलिमीटर वाढ म्हणजे तुटण्याच्या ओढीच्या पाच टक्के ताण. कडेच्या वरच्या तणाव्यांना तीन मिलिमीटर, म्हणजे पंधरा टक्के, हा सुरुवातीला योग्य मानतात. दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या पिळाव्यात आणि डोलकाठीच्या खोबणीतून वर नजर लावून ती सरळ आहे ना ते पाहत राहावे. नवी तार पहिल्या काही फेऱ्यांत बसते आणि किंचित सैल होते, म्हणून ताण पुन्हा मोजावा आणि मगच टर्नबकलच्या पिना वाकवून पक्क्या कराव्यात.