होडीचा चातुर्मास

मृग नक्षत्र जवळ आलें कीं नशिराबादच्या घराघरांत एकच लगबग सुरू होते. धाब्यावर खारी माती पसरली जाते, कडबा झांकला जातो, जळण आंत येतें, आणि गृहिणी कुरडया-पापडांचे डबे घट्ट लावून फळीवर ठेवते. पाऊस येण्यापूर्वीं जें करावयाचें तें पाऊस आल्यावर करतां येत नाहीं, हा धडा खानदेशांत कोणास शिकवावा लागत नाहीं. हाच धडा एका निराळ्या वस्तूसही लागू पडतो. ती वस्तु म्हणजे होडी.

नशिराबादच्या लोकांना होडीचें काय अगत्य, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु अजिंठ्याच्या लेण्यांखालून वाहत येणारी वाघूर नदी गांवाच्या पूर्वेकडून पुढें तापीस मिळते. वरच्या अंगास तिच्यावर धरण झाल्यापासून तेथें विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. जळगांव शहर त्याचेंच पाणी पितें. तापीकांठच्या भोई मंडळींस डोंगा आणि नाव हीं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. जेथें पाणी सांठतें तेथें आज ना उद्यां होडी येते. आणि होडी आली म्हणजे तिची निगा राखण्याची जबाबदारीही येते. बैलास चारा दिला नाहीं तर तो हंबरून सांगतो. होडी कांहींच बोलत नाहीं. ती बोलते ती एकदांच, भर पाण्यांत.

होडीच्या विसांव्याचें शास्त्र पाहावयाचें तर कोंकणाकडे वळलें पाहिजे. तेथें मे महिन्याच्या अखेरीस होड्या वाळूवरून वर ओढतात, भरतीची रेघ जेथें पोंचत नाहीं अशा जागीं ठेवतात आणि नारळीच्या विणलेल्या झापांनीं झांकून टाकतात. या कृत्यास तिकडे ‘होडी शाकारणें’ म्हणतात. घर शाकारावयाचें तशीच होडी शाकारावयाची, इतकें तें घरगुती काम आहे. सध्यां महाराष्ट्राच्या समुद्रांत यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हा काळ मासळीच्या विणीचा आणि समुद्र खवळण्याचा. कायद्याची ही बंदी अलीकडची असली तरी तिच्या मुळाशीं असलेली रीत फार जुनी आहे.

मराठ्यांच्या आरमारासही हा चातुर्मास चुकला नव्हता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त आरमाराचें स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पावसाळ्यापूर्वीं जहाजें सुरक्षित बंदरांत आणून त्यांची छावणी करण्याची ताकीद त्यांत आहे. त्याच ग्रंथांत रयतेचीं आंब्या-फणसाचीं झाडें मालकाच्या राजीखुषीवांचून तोडूं नयेत असेंही बजावलें आहे. नवें लाकूड मिळविणें किती कठीण आहे हें ज्यास कळतें, तोच असलेलें लाकूड जपतो.

आतां लाकडी होडीला नेमकें काय होतें तें पाहूं. तिचे शत्रु तीन. पहिला शत्रु समुद्रांतील जहाजकिडा. हा दिसतो किड्यासारखा, पण जात शिंपल्याची. तो बारीकशा छिद्रानें आंत शिरतो आणि फळी आंतून चाळणीसारखी करतो. बाहेरून लाकूड शाबूतच दिसतें. १७३१ सालीं हॉलंडांतील समुद्रबांधांचे खांब यानेंच पोखरले होते. गोड्या पाण्याच्या तलावांत सहसा त्याचें भय नसतें. दुसरा शत्रु कुजणें. लाकूड सतत बुडालेलें असलें तर तितकें कुजत नाहीं, सतत कोरडें असलें तरीही कुजत नाहीं. ओल आणि हवा एकत्र झाली कीं बुरशी धरतें. होडीच्या तळांत सांठलेलें पावसाचें पाणी म्हणूनच नदीच्या पाण्याहून अधिक घातक होय. तिसरा शत्रु ऊन. कडक उन्हानें फळ्या आकसतात आणि सांध्यांना फटी पडतात.

उपाय या शत्रूंच्या स्वभावावरूनच सुचतात. होडी प्रथम गोड्या पाण्यानें धुवावी, तळाचें शेवाळ व शंख खरवडून काढावे, आणि सावलींत वाळूं द्यावी. फटींत कापूस कोंबून वर तेल व राळ यांचें मिश्रण भरण्याची पद्धत आहे. कोंकणांत लाकडास माशाचें तेल किंवा काजूच्या टरफलाचें तेल चोपडतात. त्यानें पाणी मुरत नाहीं व कीड दूर राहते. नंतर होडी जमिनीस टेकूं न देतां दोन-तीन ओंडक्यांवर पालथी ठेवावी आणि झांकण असें घालावें कीं पाणी आंत जाऊं नये, पण वारा खेळता राहावा. हवाबंद ताडपत्री ही माया नव्हे. तिच्या आंत लाकूड घामेजतें व कुजतें.

हल्लीं कांचतंतूच्या होड्या निघाल्या आहेत, आणि १९७० च्या दशकापासून दुचाकीसारखी स्वार होऊन चालविण्याची जलस्कूटरही जगभर पसरली आहे. अलिबाग, मालवण-तारकर्लीकडे सहलीस जाणाऱ्या मंडळींनीं ती पाहिलीच असेल. तिला बाहेर पंखा नसतो. पोटाखालच्या जाळींतून ती पाणी ओढते आणि मागच्या नळीवाटे जोरानें फेंकते. त्या धक्क्यानें ती पुढें जाते व नळी वळविली कीं वळते. यांतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. घाबरून वेगाची कळ सोडली तर पाण्याचा झोत थांबतो, आणि झोत थांबला कीं वळण्याची शक्तीही जाते. पुढें माणूस दिसला असतां वेग सोडून नुसतें हँडल फिरविणारा नवशिका सरळ त्याच्याच अंगावर जातो. शिकल्याविना असें वाहन मुलांच्या हातीं देऊं नये.

थंड देशांत या यंत्रांना हिंवाळ्यासाठीं तयार करावें लागतें. पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्के फुगतें. यंत्राच्या नळ्यांत तें राहिलें तर ओतीव लोखंडासही तडा जातो. आपल्याकडे तें भय नाहीं. आपला हिंवाळा म्हणजे पावसाळा, आणि आपलें बर्फ म्हणजे दमट हवा, खारें पाणी व उंदीर.

खाऱ्या पाण्यांतून आलेलें यंत्र गोड्या पाण्यानें आंतून धुवावें. बहुतेक जलस्कूटरांत येथें क्रमाला फार महत्त्व आहे : आधीं यंत्र सुरू करावें, मग नळ सोडावा, थांबवितांना आधीं नळ बंद, मग यंत्र. क्रम चुकला तर पाणी धुराच्या वाटेनें यंत्राच्या पोटांत शिरतें. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलें तर चिकट होतें, आणि हल्लींच्या पेट्रोलांत मिसळलेलें इथेनॉल हवेंतली ओल शोषून घेतें; म्हणून टिकवणीचें औषध घालून टाकी जवळजवळ भरून ठेवावी. बॅटरी काढून कोरड्या जागीं ठेवावी व महिन्यास एकदां भारित करावी. धुराची नळी आणि पाणी ओढण्याची जाळी चिंध्यांनीं बंद करावी, नाहींतर उंदीर आंत संसार थाटतात व तारा कुरतडतात. घातलेल्या चिंध्यांची संख्या मात्र लिहून ठेवावी.

यंत्राजवळ जस्ताचा एक ओबडधोबड तुकडा बसविलेला असतो. तो झिजलेला पाहून मालक हळहळतो. पण झिजणें हेंच त्याचें काम. खाऱ्या पाण्यांत दोन धातूंमध्यें विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि त्यांत कोणा एकाचा क्षय ठरलेला असतो. तो क्षय जस्त आपल्यावर घेतें. सर हंफ्री डेव्ही यांनीं जहाजांचा तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठीं १८२४ सालीं ही युक्ति सुचविली. तुकडा अर्धा झिजला कीं बदलावा.

आणखी एक पथ्य. जुनें तेल वा पेट्रोल पाण्याकांठीं ओतूं नये. ज्या जलाशयावर आपली होडी तरंगते, त्याचेंच पाणी शेजारच्या घरीं माठांत भरलेलें असतें.

नारळी पौर्णिमेस कोंकणांत समुद्रास नारळ वाहून होड्या पुन्हां लोटतात. त्या दिवशीं पूजेइतकीच तपासणी महत्त्वाची. तळाची बुचें बसविलीं काय, चिंध्या मोजून काढल्या काय, दोर कुजला नाहीं ना, हें पाहावें. पाणी काढण्यास उघडलेलें बूच लावण्याचें विसरल्यामुळें कांठावरच बुडालेल्या होड्या कांहीं थोड्या नाहींत. जितकीं माणसें तितकीं जीवरक्षक जाकिटें होडींत असावीं, आणि तीं बसण्याच्या फळीखालीं नव्हे, अंगावर असावीं. २१ मे २०२४ रोजीं उजनी जलाशयांत प्रवाशांची नाव अकस्मात् उठलेल्या वादळी वाऱ्यानें उलटली आणि सहा जीव गेले. वळवाचा वारा सांगून येत नाहीं. आकाश काळवंडलें कीं कांठ गांठावा. पलीकडचें काम उद्यां होतें.

धाब्यावर चार पाट्या माती टाकण्याचा आळस केला तर घर गळतें, आणि गळक्या घरांत निदान भांडें तरी ठेवतां येतें. होडीच्या बाबतींत भांडें ठेवण्यास जागा नसते. म्हणून मृगापूर्वींचे दोन दिवस तिच्यासाठीं राखून ठेवावे. उरलेलें वर्ष ती आपल्याला राखते.