शेंगेन व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागतात?

युरोपातील २९ देशांत शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज मात्र ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्याच देशाकडे करायचा. मुक्काम सारखाच असेल, तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. सोबत भरलेला अर्ज, अलीकडचे फोटो, विमान व हॉटेलचे आरक्षण आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा जोडावा.

खरी छाननी होते ती पैशांची आणि परतीच्या खात्रीची. त्यासाठी बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचे रजा मंजुरीचे पत्र लागते. अर्जाच्या तोंडावर खात्यात अचानक मोठी रक्कम आली, तर तिचा स्रोत दाखवता यायला हवा. खर्च मुलगा किंवा मुलगी करणार असेल, तर त्यांचे हमीपत्र आणि नात्याचा पुरावा द्यावा.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. किमान १५ दिवस आधी तरी करायलाच हवा. सुट्ट्यांच्या हंगामात भेटीची वेळ लवकर मिळत नाही, म्हणून विमा आणि बुकिंगच्या तारखा जुळवून फाइल आधीच तयार ठेवावी.