टीव्ही कोणाचा?

हातात धरून खेळता येणारा आणि घरी टीव्हीला जोडता येणारा हायब्रिड कन्सोल चांगला, की टीव्हीखाली ठाण मांडून बसणारा भारदस्त डबा चांगला, हा वाद ३ मार्च २०१७ ला निन्टेंडो स्विच बाजारात आला तेव्हापासून चालू आहे. २०२५ च्या जूनमध्ये स्विच २ आला आणि वादाला पुन्हा धार चढली. दोन्ही बाजूंचं मी वाचतो, ऐकतो. चर्चा चालते ती टेराफ्लॉपची, फोर-केची, सेकंदाला तीस फ्रेम की साठ याची. संध्याकाळी सात ते दहा घरातला टीव्ही कोणाच्या ताब्यात असतो, हे मात्र कोणी विचारत नाही. ही मंडळी कधी लहान घरात राहिलेली नसावीत.

मी राहतो पनवेलजवळच्या कोनला, गिरणी कामगारांना मिळालेल्या इमारतींत. एमएमआरडीएने भाडेतत्त्वाच्या योजनेत बांधलेली ही घरं. म्हाडाने २०१६ साली त्यातल्या २४१७ घरांची सोडत काढली, मग करोनाच्या काळात इथे विलगीकरण केंद्र झालं, आणि किल्ल्या हातात पडेपर्यंत कित्येक अर्जदार हे जग सोडून गेले. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे एवढंच सांगायचं, की १६० चौरस फुटांचे दोन गाळे जोडून ३२० फुटांचं घर, त्यात टीव्ही एक आणि त्याच्यासमोर तीन पिढ्या. परळच्या चाळीत याच्या निम्म्या जागेत हेच चाललं होतं.

अटारीपासूनचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, तो उगाळत नाही. आमच्यासाठी व्हिडिओ गेम म्हणजे आधी पार्लर. शटर अर्धं ओढलेल्या गाळ्यात दोन-तीन मशिनं, रुपयाचं नाणं, आणि कॅपकॉमचा तो १९९३ चा डायनासोरवाला खेळ. त्याचं खरं नाव आजही अनेकांना सांगता येणार नाही. सगळ्या मुंबईत तो ‘मुस्तफा’. ८२ च्या गिरणी संपाने ज्यांच्या घरचा पगार थांबला तो थांबलाच, त्यांची पोरं खेळण्यापेक्षा मागे उभं राहून सूचना करण्यात तरबेज झाली. घरात डबा यायचा तो मे महिन्याच्या सुट्टीत, दिवसाच्या भाड्याने. निन्टेंडोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची ती नक्कल, सोबत दोन रिमोट आणि एक कॅसेट, जिच्यावर हजारो खेळ आहेत असं छापलेलं असायचं आणि निघायचे दहा-बारा. चॅनेल जुळवायला शेजारचा दादा हवाच. भाडं दिवसभराचं, टीव्ही मात्र सातच्या बातम्यांपर्यंत. बातम्या लागल्या की पिन काढायची, मग कॉन्ट्रा कुठल्याही लेव्हलला असो. सेव्ह करण्याची सोय नव्हती.

आता जिथे माझा जीव गुंतला आहे तिथे जरा रेंगाळतो. निन्टेंडोत गुनपेई योकोई नावाचा माणूस होता. १९८० चा गेम अँड वॉच त्याचा, १९८९ चा गेम बॉयही त्याचाच. जुनं झालेलं, स्वस्त झालेलं, पुरतं कळलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याला नव्या कामाला जुंपायचं, हे त्याचं सूत्र. गेम बॉयच्या हिरवट पडद्याला ना रंग, ना मागून उजेड. सेगाच्या गेम गिअरकडे दोन्ही होतं, पण तो सहा सेल तीन-चार तासांत गिळायचा आणि गेम बॉय चार सेलवर दहा-बारा तास सहज काढायचा. कोण टिकलं ते जगाला माहीत आहे. त्याच सेगाने १९९५ मध्ये अमेरिकेत नोमॅड काढला. पहिला खरा हायब्रिड मी त्यालाच म्हणतो. घरच्या मेगा ड्राइव्हच्या कॅसेटी त्यात चालायच्या, सव्वातीन इंचांचा रंगीत पडदा होता, टीव्हीला जोडायची सोय होती, एवढंच काय, दुसऱ्या रिमोटसाठी खाचही होती. (मेगा ड्राइव्ह त्याच सुमारास भारतात विकत होती शॉ वॉलेस. होय, तीच, दारूवाली.) नोमॅडला खाल्लं सेलांनी, सहा सेल दोन-तीन तासांत खलास.

त्याची कल्पना खरी व्हायला वीसेक वर्षं लागली, कारण लिथियम बॅटरी आणि मोबाइलच्या चिपा स्वस्त व्हायच्या होत्या. स्विचमधली एनव्हिडियाची टेग्रा एक्स-वन २०१५ ची, म्हणजे कन्सोल दुकानात आला तेव्हाच शिळी. टीव्हीखालच्या डब्याची बाजू घेणारे आमचे पेटीवाले मित्र तिच्यावर हसले. योकोई १९९७ मध्ये अपघातात गेला, नाहीतर त्याने या चिपेची पाठ थोपटली असती. पुढे विचर ३ सारखा अवाढव्य खेळ २०१९ मध्ये त्याच शिळ्या चिपेवर उतरला. चित्र धूसर होतं, मान्य. पण खेळता येत होता.

स्विचची खरी करामत चिपेत नव्हतीच. दोन्ही बाजूंचे जॉय-कॉन सरकवून काढायचे, एकेक दोघांच्या हातात, आणि मागचा पाय उघडून ६.२ इंचांचा पडदा स्टुलावर उभा करायचा. भाचा आणि मी असे मारिओ कार्ट खेळतो, आणि आमच्या डोक्यावरून आई तिची मालिका बघते. कोणी कोणाला उठवत नाही. जॉय-कॉनची कांडी आपोआप सरकते हा दोष जगजाहीर आहे, कंपनीच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये त्याबद्दल माफीही मागितली. स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आलाच नाही, त्यामुळे आपल्याला माफी ऐकायला मिळाली, वॉरंटी नाही. लॅमिंग्टन रोडला कारागीर गाठायचा, दुसरं काय.

हायब्रिडची बाजू घेणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. ते म्हणतात, हे यंत्र प्रवासासाठी. अशांनी एकदा सकाळी कोनहून रिक्षाने पनवेल स्टेशन गाठावं आणि सीएसएमटी लोकलमध्ये तो कन्सोल बाहेर काढून दाखवावा. सव्वा-दीड तासाचा प्रवास, बसायला मिळालं तर नशीब, आणि हातात पंचवीस-तीस हजारांची वस्तू. लोकलमध्ये खेळतात ते मोबाइलवर, तेही एका हाताने. हायब्रिडचा खरा प्रवास टीव्हीपासून खिडकीपर्यंतचा, फार तर गच्चीपर्यंतचा.

पेटीवाल्यांचं जे खरं आहे ते खरंच आहे. मोठ्या पडद्यावर, चांगल्या स्पीकरवर, पुरता अंधार करून बसलात तर पीएस ५ ला तोड नाही. २ फेब्रुवारी २०२१ ला तो ४९,९९० रुपयांना इथे अधिकृतपणे आला, पक्कं बिल, वॉरंटी, सगळं रीतसर. मधली पीएस ३ आणि एक्सबॉक्स ३६० ची पिढी मी ओलांडून जातो. त्यांच्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलं आहे. मला आठवतं ते पीएस २ आणि भारनियमन. तासन्‌तास चढून एखादा गड सर करावा, मेमरी कार्डवर सेव्ह चालू असावं आणि लाइट जावी. हा त्रास सोसलेल्या माणसाला बॅटरीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. आणि गंमत बघा, सोनीने सप्टेंबर २०२४ मध्ये इथे पोर्टल आणला, १८,९९० रुपयांना. तो स्वतः काहीच खेळत नव्हता. घरातला पीएस ५ टीव्ही अडवून न ठेवता वाय-फायवरून हातात घ्यायचा, एवढंच तेव्हा त्याचं काम होतं. फोर-केची पताका मिरवणाऱ्यांनी शेवटी काय विकलं? टीव्ही मोकळा ठेवायची सोय.

आणखी एक गोष्ट या वादात कोणी काढत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ नावाचा खेळ केला. सर्कशीतल्या कसरतवाल्या मुलीचा भाऊ राक्षस पळवून नेतात, आणि ती दुर्गेचं त्रिशूळ घेऊन त्याच्या मागे निघते. राजस्थानी महाल, भिंतीवरची चित्रं, मधल्या कथेसाठी छायाबाहुल्या. लोकवर्गणीची मोहीम आधी फसली होती, तरी ही मंडळी चिकटून राहिली. १८ ऑगस्ट २०२० ला राजी आला तो आधी फक्त स्विचवर. बाकीच्या कन्सोलांवर आणि पीसीवर ऑक्टोबरमध्ये. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकनही मिळालं. म्हणजे पुण्यात घडलेला खेळ पहिल्यांदा उतरला तो अशा यंत्रावर, जे पुण्यातल्या दुकानात अधिकृतपणे मिळत नव्हतं. मी तो आमच्या ३२० फुटांत खेळलो. लढाई थोडी एकसुरी आहे, कॅमेरा दूरचा आहे, पण महालांच्या गच्च्यांवरून उड्या मारताना समीक्षा सुचत नाही.

आता जे हायब्रिड म्हणून खपवलं जातं त्याकडे बघून मन विटतं. २०१९ चा स्विच लाइट टीव्हीला जोडताच येत नाही, जॉय-कॉन सुटत नाहीत; त्याचं गोत्र वेगळं. एसुसचा आरओजी अ‍ॅलाय २०२३ मध्ये ६९,९९० ला आला. ताकद दांडगी, टीव्हीलाही जोडता येतो, पण हातातली दोन टोकं पडद्याला कायमची जखडलेली, दुसरा माणूस आला तर त्याने वेगळा कंट्रोलर आणायचा. स्विच २ चा पडदा ७.९ इंचांचा, डॉकमध्ये फोर-के, आणि जॉय-कॉन पुन्हा सुटे. इथवर मी खूश होतो. पण अनेक खेळ आता गेम-की कार्डावर येतात. कार्डात खेळ नसतो, नुसती किल्ली असते. खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा, २५६ जीबीत जागा करायची. चाळीत कॅसेट एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची ती संध्याकाळच्या आत चालू व्हायची. आता मित्राला कार्ड दिलं तर त्याच्याकडे आधी डाउनलोड, तेही आमच्या इमारतीतल्या नेटवर. यावर पेटीवाले म्हणतील, आमच्या डिस्कचंही तेच झालंय. झालंय ना. पण पीएस ५ ची बिनडिस्कची आवृत्ती दहा हजार स्वस्त मिळत होती म्हणून तिच्यावर उड्या कोणी मारल्या होत्या?